नकाशाचं साल काढून देतो म्हणाला आणि सालाचीच पट्टी कापून नेली

आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. ते गेल्यावर ट्रंकेत एक नकाशा सापडला, मागे कापड चिकटवलेलं, घड्यांवर विरलेला, आणि सेनिओ नदीच्या काठाने निळ्या पेन्सिलीची रेघ. याच सेनिओवर ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, आजोबा ते नाव कायम घ्यायचे, म्हणून मला एवढंच बघायचं होतं की नकाशा तेव्हाचाच का नंतर कुठून आणलेला.

नौपाड्यात नाणी-तिकिटांचं प्रदर्शन होतं तिथे एकजण भेटला, गोड बोलणारा. म्हणे दादा कार्बन टेस्ट करावी लागेल, लॅबचं सर्टिफिकेट आलं की किंमत दहापट. साडेबारा हजार यूपीआयने दिले. मग त्याने फूटपट्टी ठेवून ब्लेडने खालची कड कापली, बोटभर रुंद, "नकाशाला धक्का नाही लागत" म्हणत, आणि मी बघत उभा.

तीन आठवड्यांनी लॅमिनेट केलेला कागद हातात, "१९४० ते १९४५". लॅबचा पत्ता नाही, सही कोणाची कळत नाही. वर म्हणतो कड कापलेला नकाशा कोणी घेणार नाही, मीच तीन हजारात घेतो. अहो कापली कोणी?

आमच्या सोसायटीत सर्व्हे ऑफ इंडियातून रिटायर झालेले काका आहेत, त्यांचा पहिलाच प्रश्न, "खालची पट्टी कुठंय रे?" ब्रिटिश लष्करी नकाशांवर तिथेच बारीक अक्षरात छपाईचा कोड असायचा, किती प्रती, कुठला महिना, कुठलं साल, बऱ्याचदा छापणाऱ्या सर्व्हे कंपनीचं, म्हणजे लष्कराच्याच तुकडीचं, नावसुद्धा. फुकट वाचता येतं, नुसतं भिंग लागतं. फक्त मूळ इटालियन सर्व्हेचं साल वेगळं लिहिलेलं असतं, ते छपाईचं धरू नका. आणि कार्बनचं म्हणाल तर साधारण १६५० ते १९५० मधल्या कागदाचं नेमकं साल त्यावरून निघतच नाही, तेवढ्या काळाचे आकडे एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा यूव्ही टॉर्च मारून बघा, कागद निळसर चमकला तर तो बहुतेक १९५० नंतरचा. आमचा चमकला नाही.

नशीब आतेबहिणीकडे आधीचा पूर्ण फोटो होता. झूम केल्यावर दिसलं, ३०००/१०/४४, म्हणजे तीन हजार प्रती, ऑक्टोबर १९४४. सहा महिन्यांनी आजोबा त्या नदीवर होते.

पट्टी परत मागितली तर म्हणे टेस्टमध्ये जळाली, आता फोनच बंद. पैसे यूपीआयने गेले म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय. ठाणे, कळवा, वाशी, कुठेही घरच्या जुन्या कागदाला कोणी ब्लेड लावायला निघाला तर हात धरा त्याचा, आधी चारही कडांसकट फोटो काढा. आजोबांनी जन्मभर जपलेला कागद माझ्या डोळ्यांदेखत कापला गेला, ते काही केल्या मनातून जात नाहीये.