शिक्षकांच्या कार्यशाळेत पारखलेली गणित पेटी

प्राथमिक शाळांसाठीच्या गणित पेटीचे परीक्षण बहुधा मुलांच्या बाजूने केले जाते. मुलांना रंग आवडतात का, मुले रमतात का, साहित्य वर्षभर टिकते का, असे प्रश्न त्यात येतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते आणि सुलभक म्हणून केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, व तालुक्यातल्या सहकारी शिक्षकांच्या कार्यशाळाही घेते, त्यामुळे माझी कसोटी थोडी वेगळी आहे. पेटीतले साहित्य सतरंजीवर मांडल्यावर समोर बसलेले शिक्षक स्वतः गणित करू लागतात का, हे मी आधी पाहते. जे साहित्य हाताळताना शिक्षकाला एकही प्रश्न पडत नाही, ते वर्गात नेऊन तो मुलांना प्रश्न पाडू शकेल, अशी आशा धरणे कठीण आहे.

गेल्या काही वर्षांत शाळांपर्यंत पोहोचलेल्या पेट्यांतले साहित्य थोडेफार वेगळे असले तरी गाभा सारखाच असतो. शंभर मण्यांची गणितमाळ आणि तिला लावायच्या चिमट्या, एकक-दशक-शतकाचे ठोकळे, स्थानिक किमतीची एकावर एक बसणारी कार्डे, अपूर्णांकांच्या पट्ट्या, खेळातल्या नोटा, फासे, भूमितीचे आकार आणि सोबत एक मार्गदर्शिका, असे साधारण स्वरूप असते.

यांत मला गणितमाळ सर्वांत मोलाची वाटते. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, अशी ती आलटून-पालटून शंभरापर्यंत जाते. गणितज्ञ हान्स फ्रॉयडेन्थाल यांच्या विचारांतून नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात वास्तवाशी जोडलेल्या गणित-शिक्षणाची जी परंपरा उभी राहिली, तिच्यात मण्यांची माळ आणि मोकळी, म्हणजे आकडे न छापलेली, संख्यारेषा यांना महत्त्वाचे स्थान आहे. आपल्याकडच्या शाळांत गणितमाळ पोहोचवण्यात दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ या संस्थेचा मोठा वाटा आहे.

कार्यशाळेच्या सुरुवातीला मी ६३ − २८ हे उदाहरण फळ्यावर आडवे लिहिते आणि वही-पेन बाजूला ठेवायला सांगते. बरेच जण मनातल्या मनात उभी मांडणी करतात, तीनातून आठ जात नाहीत म्हणून एक दशक सुटा करतात आणि ३५ हे उत्तर देतात. मग मी माळेवर २८ मण्यांनंतर एक आणि ६३ मण्यांनंतर दुसरी चिमटी लावते आणि मधले मणी एकेक न मोजता किती आहेत ते विचारते. कुणी दोन मणी ओलांडून तिसावर येते, तिथून तीन रंगपट्टे पार करून साठावर जाते आणि वरचे तीन मिळवते. कुणी ६३ वरून एकदम तीस मागे जाऊन ३३ वर थांबते आणि जास्तीचे मागे गेलेले दोन पुन्हा पुढे येते. उभ्या मांडणीत वजाबाकी म्हणजे केवळ काढून टाकणे असते. माळेवर ती दोन संख्यांमधले अंतर म्हणूनही दिसते, आणि हे दिसल्यावर वर्षानुवर्षे वजाबाकी शिकवणारे शिक्षकही पुढचे उदाहरण स्वतःहून मागतात. त्यानंतर माळ बाजूला ठेवून फळ्यावर एक साधी रेघ ओढायची आणि त्याच उड्या तिच्यावर दाखवायच्या. माळेवरून मोकळ्या रेषेवर आणि रेषेवरून मनातल्या हिशेबावर जाण्याचा हा प्रवास घाई न करता होऊ द्यावा लागतो.

चिमटी कुठे लावायची, हा किरकोळ वाटणारा मुद्दा प्रत्यक्षात फार महत्त्वाचा आहे. अनेक शिक्षक ती अठ्ठाविसाव्या मण्यावरच लावतात. तशी लावली की तो मणी मोजायचा की नाही, यावरून गटात मतभेद होतात आणि अंतर एकाने चुकते. चिमटी अठ्ठावीस मणी संपल्यावर, पुढच्या मण्याच्या अलीकडच्या फटीत लावली पाहिजे. ती फट म्हणजे २८, आणि तिच्या डावीकडे पूर्ण अठ्ठावीस मणी. हे मान्य झाले की शून्य कुठे, हा प्रश्न आपोआप येतो. पहिल्या मण्याच्याही आधी चिमटी लावून त्याचे उत्तर देता येते. मोजपट्टीवर लांबी मोजताना मुले शून्याऐवजी एकपासून का सुरुवात करतात, याचे कारण शिक्षकांना इथे हाताशी सापडते.

मराठी संख्यानामांच्या बाबतीतही माळेचा उपयोग होतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर मोठी चर्चा झाली. त्या चर्चेत कोणतीही बाजू घेतली तरी ३९ आणि ४९ यांत मुलांचा होणारा गोंधळ कुणालाच नाकारता येत नाही. चाळीस मण्यांची रंगसीमा दाखवून तिच्या एक मणी अलीकडे बोट ठेवले की एकोणचाळीस कुठे आहे हे मुलांना सहज कळते. माझ्या मते, जुने वाचन शिकवा की नवे शिकवा, संख्येची जागा आधी डोळ्यांत बसली पाहिजे.

एकक-दशक-शतकाचे ठोकळे हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टन दीनेश यांच्या नावाने जगभर ओळखले जातात. सुटे, दहाचे दांडे आणि शंभराच्या पाट्या यांची मापे पेटीत नेमकी आहेत. दहा सुटे ठोकळे दांड्याशेजारी ठेवले तर टोके जुळतात, आणि हे जुळणे अत्यावश्यक आहे. माझा आक्षेप साहित्यापेक्षा त्याच्या वापराच्या क्रमावर आहे. मुलांनी काड्यांचे गठ्ठे स्वतः बांधलेले आणि सोडलेले नसताना तयार दांडा हातात दिला, तर त्यांच्यासाठी तो एक वस्तू राहतो, दहा वस्तू होत नाही. दांडा मोडता येत नाही, त्यामुळे दशक सुटा करणे म्हणजे दांडा देऊन दहा सुटे घेणे, ही अदलाबदल मुलांना मुद्दाम समजून घ्यावी लागते. मार्गदर्शिकेत याविषयी ठळक सूचना असायला हवी होती.

अपूर्णांकांच्या पट्ट्या मात्र मोठ्यांच्या कार्यशाळेतही खरी परीक्षा घेतात. मी एक प्रश्न नेहमी देते: अडीच मीटर कापडातून पाऊण मीटरचे किती तुकडे निघतील? दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणण्याचा नियम सर्वांना पाठ असतो, त्यामुळे तीन पूर्णांक एक तृतीयांश हे उत्तर लगेच फळ्यावर येते. तेच पट्ट्यांनी करायला सांगितले की गटांचा वेग मंदावतो. अडीच म्हणजे पावाच्या दहा पट्ट्या. त्यांचे तीन-तीनांचे गट केले की तीन पाऊण होतात आणि एक पाव उरतो. एका कार्यशाळेत वयाने आणि अनुभवाने माझ्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या एका सरांनी ती पट्टी उचलून विचारले, “मॅडम, उरला तर पावच आहे, मग तीन पूर्णांक एक चतुर्थांश का नाही?” मी विचारले, “सर, उरलेली पट्टी तुम्ही कशाने मोजताय?” त्यांनी पट्टी आधी पूर्ण एककाशेजारी ठेवली, मग पाऊणशेजारी ठेवली, आणि बराच वेळ ती तिथेच धरून म्हणाले, “एका तुकड्याला तीन लागतात, त्यातला हा एक. मीटरमध्ये हा पाव आहे, तुकड्यांत हा एक तृतीयांश आहे.” नियम शिकवणाऱ्या माणसाला नियमाचे कारण असे स्वतःच्या हातांनी सापडते, तेव्हा त्या दिवसाचा सगळा खटाटोप सार्थकी लागला असे मला मनापासून वाटते.

याच ठिकाणी पेटीतली सर्वांत मोठी उणीवही दिसते. आमच्याकडच्या पेट्यांत पट्ट्यांचा एकच संच आहे, म्हणजे पावाच्या चारच पट्ट्या. एका पूर्णाच्या पुढचा एकही प्रश्न त्यात मांडता येत नाही, आणि अपूर्णांक म्हणजे नेहमी एकापेक्षा लहान संख्या हा मुलांचा गैरसमज उलट पक्का होतो. अडीचचा प्रश्न सोडवायला किमान तीन संच लागतात. मी ते जाड कार्डशीटचे कापून घेते. कापताना सगळ्या पट्ट्यांची पूर्ण लांबी तंतोतंत एक ठेवावी लागते, नाहीतर पट्ट्या शेजारी ठेवून केलेली तुलना फसते.

फासे, खेळातल्या नोटा आणि भूमितीचे आकार ठीक आहेत. स्थानिक किमतीची कार्डे चांगली आहेत, पण कागद पातळ असल्याने कडा लवकर दुमडतात.

मार्गदर्शिका हा पेटीचा कच्चा दुवा आहे. कोणते साहित्य कोणत्या घटकासाठी वापरायचे, याचे तक्ते तिच्यात आहेत; पण शिक्षकाने कोणता प्रश्न विचारावा, मुले कोणती चुकीची उत्तरे देतात आणि त्या वेळी साहित्याकडे परत कसे वळावे, हे तिच्यात जवळपास नाही. आपल्याकडे प्रशिक्षण साखळी पद्धतीने चालते. राज्यस्तरावर शिकलेले जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्राला. या उतरंडीत सूचना खालपर्यंत पोहोचतात, प्रश्न मात्र वाटेत गळून पडतात. माळ पोहोचते, पण चिमटी फटीत लावायची हे पोहोचत नाही. मार्गदर्शिका नीट लिहिलेली असती, तर ही गळती बरीच कमी झाली असती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. ते तास सादरीकरणाच्या स्लाइड पाहण्यात आणि हजेरीची लिंक भरण्यात जायचे नसतील, तर सुलभकाच्या हातात प्रश्नांनी भरलेली पुस्तिका असणे गरजेचे आहे.

कार्यशाळेनंतर मी जमेल तेव्हा शाळांना भेट देते. काही ठिकाणी माळ फळ्याखाली ताणून बांधलेली दिसते आणि तिसरीतली मुले तिच्यावर उड्या मारत हिशेब करतात. काही ठिकाणी पेटी कपाटात तशीच असते. यासाठी शिक्षकांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. पेटी जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढलेली असते, एकेक ठोकळ्याचा हिशेब द्यावा लागेल अशी धास्ती असते, आणि द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळताना साहित्य काढून पुन्हा मोजून ठेवायला वेळ मिळत नाही. मी स्वतः अशाच शाळेत आहे. मी कार्यशाळेला गेले की माझे वर्ग माझ्या सहकारी बाई त्यांच्या वर्गांबरोबर सांभाळतात, हे मी कधी विसरत नाही. म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी केंद्रप्रमुखांसमोरच आग्रहाने सांगते की वापरताना हरवलेला ठोकळा हा वापराचा पुरावा मानावा आणि त्याची नोंद त्याच भावनेने व्हावी. आमच्या केंद्रात हे मान्य झाल्यावर कपाटे उघडू लागली.

पेटी मागवणाऱ्या किंवा लोकवर्गणीतून साहित्य घेणाऱ्या शाळांनी माळ हातात घेऊन नीट पाहावी. दोरा गच्च ओवलेला असेल तर मणी सरकत नाहीत आणि चिमटीला फट मिळत नाही. एका टोकाला तीन-चार बोटे मोकळा दोरा हवा. दोन रंग लांबून वेगळे दिसले पाहिजेत. मणी दीड सेंटीमीटरचा असेल तर माळ दीड मीटरची होते आणि वर्गाच्या मागच्या रांगेतूनही दिसते. त्याहून लहान मण्यांची माळ गटात बसून वापरण्यापुरतीच ठीक. शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी चार-पाच जणांच्या प्रत्येक गटाला स्वतंत्र माळ, अपूर्णांक-पट्ट्यांचे तीन संच आणि ओरखडलेला चालेल पण मोकळा असा एक छोटा फळा द्यावा. पेटीतली एकच माळ सगळ्यांसमोर धरून दाखवली, तर समोरचे शिक्षक फक्त पाहत बसतात.