कॅम्परव्हॅन घेताना आधी दार बघा, मग एसी

नेरूळच्या या कॅम्परव्हॅन सेवेकडून फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही आठ रात्रींसाठी गाडी घेतली. आम्ही म्हणजे मी, आमची ही, भाऊ आणि वहिनी. भाऊ एसटीत ड्रायव्हर होते आणि मी कंडक्टर. ठाण्याच्या खोपट डेपोत शेवटची चौदा वर्षं आमची जोडी होती. ते मला अजूनही मास्तरच म्हणतात. ही गाडी भाड्यानं घ्यायची कल्पना माझ्या मुलीची, पण होकार आला तो मुक्कामाच्या गाडीच्या आठवणीनं. रात्री आडगावात गाडी लावायची, उन्हाळा असला तर टपावर अंथरूण टाकायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं, असं आम्ही कितीतरी वर्षं केलं. गाडीत झोपणं आम्हाला नवीन नव्हतं. नवीन होतं ते गाडी थांबवून निवांत बसणं.

आधी व्यवहाराचं सांगतो. दिवसाला ७,००० रुपये, रोजची २०० किलोमीटरची मर्यादा, २५,००० अनामत आणि डिझेल आपलं. ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी, चौघांना झोपायला जागा. भाऊंच्या हाती ती लिटरला नऊ-दहा किलोमीटर चालली. दोन जोडप्यांत खर्च वाटला तरी दोन बऱ्या खोल्या घेऊन फिरण्यापेक्षा हे स्वस्त पडत नाही. पैसे वाचवायला म्हणून कुणी ही गाडी घेऊ नये.

यार्डातल्या मुलानं तासभर सगळं नीट समजावलं. १०० लिटरची पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनेल, १२ व्होल्टची लिथियम बॅटरी. बॅटरीवर दिवे, पंखा आणि छोटा फ्रिज दोन दिवस आरामात चालतात. एसी मात्र बॅटरीवर लावला तर दोन तासांत दम टाकतो. त्याला १५ अँपिअरचा प्लग मिळेल अशीच जागा हवी. पाणी चौघांना दीड दिवस पुरलं, तेही वहिनींनी भांडी घासायला बादली धरली म्हणून. संडासाची पेटी काढून रिकामी करता येते. रोज सकाळी ते काम भाऊ आणि मी आळीपाळीनं केलं, कुठल्यातरी घरगुती मुक्कामाच्या आवारात, आधी विचारून. बहुतेक ठिकाणी ३०० ते ५०० रुपयांत अंगण, वीज आणि बाथरूम मिळालं.

एक सूचना कळकळीनं करतो. गाडी पुळणीवर नेऊ नका. वाळूत चाक एकदा बसलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि किनाऱ्यावर कासवांची घरटीही असतात.

आम्ही अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत सागरी रस्त्यानं खाली उतरलो. पहिली रात्र मुरूडला फुकट गेली असंच म्हणेन. दार लावलं, एसी लावला, जेवलो, झोपलो. सकाळी ही म्हणाली, "अहो, घरातच होतो की आपण." खरंच, कुणाशी एक शब्द झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीला जाणाऱ्या फेरीसाठी रांगेत उभे होतो. आमच्या पुढे एक पांढरी ओम्नी. ओम्नीचं उत्पादन २०१९ सालीच थांबलं, पण ही अशी जपलेली की काल शोरूममधून आणल्यासारखी. मागचं दार वर उघडलेलं, आत प्लायवूडचा पलंग, पलंगाखाली तीन खण, बाजूला तोटी लावलेला पाण्याचा कॅन. एक काका स्टोव्हवर चहा करत होते. मी बघत उभा राहिलो तसे म्हणाले, "या की, बघता काय. कप आहे का तुमच्याकडं?" नाशिकजवळचे, सुतारकाम केलेले गृहस्थ. पलंग, खण सगळं स्वतःच्या हातचं. काकू शेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसून वाटाणे सोलत होत्या. फेरी येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात आमचे चार कप आले, त्यांची दोन किलो द्राक्षं निघाली, आणि हिनं कधी वाटाणे सोलायला घेतले ते मला कळलंही नाही.

काकांनी आमची गाडी आतून पाहिली, बाहेरून पाहिली आणि विचारलं, "पाचरी कुठं आहेत?" आम्हाला त्या दिल्याच नव्हत्या. कोकणात सपाट जागा मिळणं मुश्कील, त्यामुळे उताराकडच्या चाकाखाली लाकडी पाचर सारून गाडी समतल करावी लागते. नाहीतर रात्री डोक्याकडं रक्त उतरतं, सिंकचं पाणी निघत नाही आणि सरकतं दार आपोआप लागत राहतं. आदल्या रात्री आमचं दार का उघडं राहत नव्हतं हे तेव्हा समजलं. उतार होता, म्हणून आम्ही कडी लावून गप्प बसलो होतो. काकांनी आपल्याकडच्या दोन सागवानी पाचरी दिल्या. म्हणाले, "गणपतीपुळ्याला भेटलो तर परत करा."

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. अशी गाडी घेताना लोक गाद्या, फ्रिज आणि एसी बघतात. मी आठ रात्रींनंतर सांगतो की आधी दार बघा, मग बाहेर ओढायचा ताडपत्रीचा मांडव, मग खुर्च्या आणि बाहेरचा दिवा. या चार गोष्टी धड असतील तर माणसं येतात. आणि माणसं आली नाहीत तर गाडी घेऊन उपयोग काय?

या सेवेच्या गाडीचं दार रुंद आहे, मांडव मोठा आहे, बाहेरचा दिवा पिवळा आणि मंद आहे. हे त्यांनी विचार करून केलेलं दिसतं आणि त्याचे मी पूर्ण गुण देतो. पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली कुणी टेकत नाही, शिवाय किडे येतात ते वेगळंच.

खुर्च्या मात्र दोनच. चौघांच्या गाडीत दोन खुर्च्या. आणखी हव्या तर खुर्चीमागे दिवसाला १०० रुपये. आम्ही श्रीवर्धनच्या बाजारात प्लास्टिकची चार स्टुलं घेतली आणि शेवटी तीही कमी पडली.

वेळासला दोन रात्री राहिलो. कासवांच्या संवर्धनाचं काम तिथं सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ सालापासून गावकऱ्यांना धरून उभं केलं. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलतात, आणि तळहाताएवढीही नसलेली पिल्लं समुद्राकडं निघतात. आम्ही चौघांनी पहिल्यांदाच पाहिलं. वहिनींनी नकळत हात जोडले होते.

त्याच संध्याकाळी एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ सायकलवरून आले. सागरी रस्त्यानं गोव्याला निघालेले. "काका, मोबाईल चार्ज करू का थोडा वेळ?" म्हणाली. बोलता बोलता कळलं की दोघं ऐरोलीचे. म्हणजे माझ्या घरापासून, वाहतूक नसली तर, वीस मिनिटांवर. मी ठाणे-ऐरोली मार्गावर कधी काम केलं नाही, पण तिची आई वर्षानुवर्षं खोपटहून सुटणाऱ्या एसटीनं माहेरी जायची. कुणी सांगावं, मी तिला तिकीटही दिलं असेल. एकतीस वर्षांत लाखो माणसं माझ्या हाताखालून गेली आणि मी त्यांच्याशी काय बोललो? "पुढं सरका." "सुटे द्या." दोष कुणाचाच नाही, गाडी भरलेली असायची. पण त्या मांडवाखाली त्या मुलीनं आईची सगळी गोष्ट सांगितली, आणि हिनं त्यांना पिठलं-भात वाढला, तेव्हा मला फार बरं वाटलं. पोरांनी आमच्या मांडवाशेजारीच तंबू लावला. रात्री मुलानं भाऊंना विचारलं, घाटात ब्रेक किती वेळ दाबायचा. भाऊ त्याला तासभर सांगत होते की उतारावर गाडी गिअरनं आवरायची असते, ब्रेक हा शेवटचा उपाय. सायकलचा विषय कधीच मागे पडला होता आणि मुलगा तरीही मनापासून ऐकत होता.

दाभोळहून फेरीनं धोपाव्याला उतरून गुहागर गाठलं. ती फेरीसेवा २००३ सालची. तिच्यामुळे या रस्त्याचं रूपच पालटलं, नाहीतर खाडीला चिपळूणकडून वळसा. गुहागरला सुरूच्या बनाशेजारी एका वाडीत जागा मिळाली, आणि तिथं आधीच एक जर्मन जोडपं होतं. घराएवढा ट्रक, जहाजानं पाठवलेला. इंग्रजी त्यांचंही जेमतेम आणि आमचंही. बाईंनी कार्नेटची वही दाखवली. परक्या देशात आपली गाडी नेताना ती लागते, गाडी आत आली की शिक्का, बाहेर गेली की शिक्का. मी आयुष्यभर वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेरीचा हिशेब, भरलेला माणूस, मला ती वही बघताक्षणी समजली. ते गृहस्थ आणि भाऊ मात्र डिझेल फिल्टर उघडून बसले. दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि दोघांचं एकमेकांना पटत होतं. वहिनींनी आंबोळ्या केल्या. बाईंनी तव्याकडं बोट दाखवून तिसऱ्यांदा मागून घेतली.

गणपतीपुळ्याला ओम्नी भेटली. तवसाळहून जयगडला येणाऱ्या फेरीवर मी उगाच पांढऱ्या गाड्या मोजत होतो, आणि देवळाच्या वाहनतळावर काका समोरून हात करत आले. मी पाचरी परत करायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. मुलीकडं कल्याणला यायचंय, तेव्हा घेईन." मग आम्ही पत्ता दिला.

तक्रारीही लिहितो, कारण पुढच्याला उपयोग होईल. पायरीचा एक नट ढिला होता. हिच्या गुडघ्याला ते बाधलं. भाऊंनी हेडवीजवळ थांबून तो आवळला. मांडवाचा दांडा दुसऱ्या दिवशी अडकला, पण फोनवर माणसानं चिकाटीनं सांगून तो मोकळा करून घेतला, रात्री नऊ वाजता, न वैतागता. गाडी परत करताना मात्र आत वाळू सापडली म्हणून १,५०० रुपये कापले. कोकणातून आठ दिवसांनी येणाऱ्या गाडीत वाळू नसेल तर काय असेल? झाडून दिली होती, चटया धुवून दिल्या होत्या. हे कापणं मला पटलेलं नाही आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलं. आणखी एक. आपल्या राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आता अशा गाड्या वाढणार. सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाला रात्री गाडी कुठं लावायची याची दहा जागांची तरी यादी द्यावी. आम्हाला ती ओम्नीतल्या काकांनी कागदावर लिहून दिली.

पाचापैकी चार तारे. खुर्च्या चार आणि पाचरी दोन दिल्या तर पाच देईन.

शेवटची रात्र आम्ही ठाण्यात, चरईत, आमच्या इमारतीखालीच काढली. गाडी रविवारी सकाळी द्यायची होती. भाऊ म्हणाले, घरी कशाला जायचं, अजून एक रात्र आहे. दार उघडलं, पिवळा दिवा लावला, फूटपाथच्या कडेला स्टुलं मांडली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्याशी बावीस वर्षं फक्त जिन्यात मान हलवली होती, ते बनियनवर खाली आले आणि साडेअकरापर्यंत बसले. तरुणपणी त्यांनी स्कूटरवरून नर्मदेपर्यंत प्रवास केला होता. बावीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं.

दहाच्या सुमाराला ओम्नी वळणावरून आत आली. काका-काकू कल्याणला निघाले होते, ते आधी आमच्याकडं आले आणि मागं गाडी लावून तिथंच राहिले. सकाळी सगळे मिळून मामलेदारची मिसळ खाल्ली. काकूंना तिखट लागलं, तरी त्यांनी तर्री पुन्हा मागितली. निघताना मी पाचरी काढून काकांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, एका टोकाला कच गेला होता तो अंगठ्यानं चाचपला आणि मला परत दिल्या. "नव्या करतो मी माझ्यासाठी. तुमच्याकडं असू द्या."

नोव्हेंबरचं बुकिंग झालंय, याच सेवेकडं. पाचरी आमच्या दारामागं चपलांच्या स्टँडशेजारी उभ्या आहेत.