व्हूडू३ की जीफोर्स४? जुन्या खेळांच्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना

१९९६ ते २००३ या काळात पीसीवरच्या खेळांची चित्र काढण्याची पद्धत पुन्हा पुन्हा बदलली. आधी सगळं काम एकटा प्रोसेसर करायचा. मग व्हूडू कार्डं बनवणाऱ्या थ्रीडीएफएक्सचं ग्लाइड आलं, म्हणजे खेळाने त्या कार्डांशी बोलण्याची त्यांची स्वतःची भाषा. पाठोपाठ बाकीच्या कार्डांवरही चालणाऱ्या ओपनजीएल आणि डायरेक्टथ्रीडी या तशाच भाषा रुळल्या आणि २००१ पासून शेडरचा (कार्डावरच चालणाऱ्या, रंग-प्रकाश ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) जमाना सुरू झाला. म्हणून जुन्या खेळांसाठी पीसी जुळवताना ‘सगळ्यात वेगवान जुनं कार्ड कोणतं’ या प्रश्नापासून सुरुवात केली की हमखास वाट चुकते. २००३ चं कार्ड १९९७ च्या खेळाला भरपूर वेग देईल, पण त्यातलं धुकं गायब झालेलं असेल, अक्षरांभोवती चौकोन दिसतील, किंवा खेळ ग्लाइडच मागत असेल तर तो सुरूही होणार नाही. आपल्याला खेळायचे आहेत त्या खेळांची यादी आधी कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे साल लिहा. कार्ड त्या यादीवरून ठरतं.

यादीत फक्त डॉसचे खेळ असतील तर फार विचार करू नका. एस३ ट्रायो६४ किंवा व्हर्ज घ्या. व्हर्जची थ्रीडी बाजू इतकी संथ होती की ती बंद ठेवलेलीच बरी, पण टूडीमध्ये आणि डॉसच्या जुन्या व्हीजीए मोडमध्ये ही दोन्ही कार्डं अतिशय समजूतदार आहेत. इथे कार्डाइतकंच लक्ष मॉनिटरकडे द्या. डॉसचा ३२० × २०० चा मोड ७० हर्ट्झवर चालतो. बरेच एलसीडी तो ६० वर आणून दाखवतात आणि सरकणारं चित्र अडखळतं. असा धक्का दिसला तर कार्ड बदलून उपयोग नाही, मॉनिटर बदला.

खरी निवड सुरू होते ती १९९६ नंतरच्या खेळांपासून.

व्हूडू घराणं

पहिलं व्हूडू ग्राफिक्स १९९६ चं. ५० मेगाहर्ट्झ, ४ एमबी मेमरी, कमाल ६४० × ४८०. ते फक्त थ्रीडी काढतं. टूडीसाठी दुसरं कार्ड लागतं आणि त्याचं चित्र एका छोट्या व्हीजीए केबलने (पासथ्रू केबल) व्हूडूमधून पुढे मॉनिटरला जातं. ऑर्किड रायचस थ्रीडी या कार्डावर तर यांत्रिक रिले होते, खेळ सुरू होताना त्यांची टकटक ऐकू यायची. आज हे कार्ड घेण्याचं एकच ठोस कारण आहे: डॉसच्या काही सुरुवातीच्या खेळांत ग्लाइड खेळाच्या फाइलीतच बसवलेलं आहे आणि ते खेळ नंतरची व्हूडू कार्डं ओळखत नाहीत. तुमच्या यादीत असा खेळ नसेल तर पहिलं व्हूडू संग्रहासाठी ठेवा.

१९९८ चं व्हूडू२ ९० मेगाहर्ट्झचं, ८ किंवा १२ एमबीचं, आणि एका फेरीत दोन टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) लावणारं. एकटं कार्ड ८०० × ६०० पर्यंत जातं. दोन कार्डं एसएलआयमध्ये जोडली की एकाआड एक ओळी वाटून घेतात आणि १०२४ × ७६८ गाठतात. ऐकायला हे फार मोहक वाटतं, पण तुलना करून पाहा: व्हूडू३ ३००० हे १९९९ चं एकच कार्ड १६६ मेगाहर्ट्झवर चालतं, सेकंदाला ३३३ दशलक्ष टेक्सेल (टेक्स्चरचे ठिपके) काढतं आणि टूडीही स्वतःच सांभाळतं. व्हूडू२ ची जोडी साधारण ३६० दशलक्षांवर पोहोचते, पण तिला टूडी कार्डासकट तीन स्लॉट लागतात, पासथ्रू केबल लागते आणि नादुरुस्त होऊ शकणारे भागही दुप्पट होतात. केवळ ग्लाइड हवं असेल तर माझा कौल व्हूडू३ ला आहे.

व्हूडू३ वर एक आक्षेप नेहमी येतो: ते १६-बिट रंगातच चित्र काढतं. हे खरं आहे. टेक्स्चरही २५६ × २५६ पेक्षा मोठं चालत नाही. पण स्क्रीनशॉट पाहून या कार्डाचा निवाडा करणं अन्यायाचं आहे. आत रंगांचं गणित जास्त अचूकतेने होतं, मग ते १६ बिटांत बसवलं जातं, आणि चित्र मॉनिटरकडे निघताना एक फिल्टर त्यातले ठिपके पुसून रंग पुन्हा मऊ करतो. हा फिल्टर अगदी शेवटी लागत असल्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये तो उतरतच नाही. एका मॉनिटरवर एनव्हिडियाचं रिव्हा टीएनटी२ आणि शेजारी व्हूडू३ लावून ‘अनरिअल’ पाहिलं की आकाशाच्या रंगछटांत टीएनटी२ सरस दिसतं, मात्र फरक छापील चित्रांत वाटतो तेवढा मोठा नसतो. शिवाय त्या खेळाचा मूळ जीव ग्लाइडमध्ये आहे. ‘डायाब्लो २’ चीही तीच गोष्ट, तो ग्लाइडवर जितका छान चालतो तितका इतर कशावर नाही.

व्हूडू३ एजीपीमधून (ग्राफिक्स कार्डासाठीचा खास वेगवान स्लॉट) टेक्स्चर ओढत नाही, त्यामुळे त्याची साध्या पीसीआय स्लॉटची आवृत्ती जवळपास तेवढीच चालते. एजीपी नसलेल्या बोर्डासाठी ही मोठी सोय आहे. उष्णतेकडे मात्र लक्ष द्या. २००० आणि ३००० या दोन्हींवर पंखा नसलेला हीटसिंक चिकटवलेला असतो आणि तो हात लावू देत नाही इतका तापतो. शेजारी एक संथ पंखा बसवाच.

व्हूडू५ ५५०० हे २००० सालचं. दोन चिप, ६४ एमबी, ३२-बिट रंग आणि कडा गुळगुळीत करणारं सुंदर अँटिअलायझिंग. मला हे कार्ड मनापासून आवडतं, तरीही पहिलं कार्ड म्हणून मी ते सुचवणार नाही. ते दुर्मीळ आहे, आणि २००० नंतरच्या खेळांना लागणारं हार्डवेअर टीअँडएल (त्रिकोणांचं गणित कार्डानेच करण्याची सोय) त्यात नाही.

एनव्हिडियाची वाट

टीएनटी२ हे व्हूडू३ चं खरं समकालीन. ३२-बिट रंग, मोठी टेक्स्चर, उत्तम ओपनजीएल. ‘क्वेक ३’ साठी ते योग्य, पण ग्लाइड नाही. नावापुढे एम६४ असेल तर दूर राहा. त्याची मेमरी बस १२८ ऐवजी ६४ बिटांची आहे आणि १०२४ × ७६८ वर ते लगेच जाणवतं.

१९९९ च्या अखेरचं जीफोर्स २५६ इतिहासात महत्त्वाचं आहे, कारण त्रिकोणांचं गणित प्रोसेसरकडून काढून घेणारं ते घरगुती वापराचं पहिलं मोठं कार्ड. त्याच्या एसडीआर आणि डीडीआर आवृत्त्यांत मेमरीचा वेग सेकंदाला सुमारे २.७ आणि ४.८ जीबी असा आहे, म्हणून घ्यायचंच तर डीडीआर घ्या. जीफोर्स२ एमएक्स स्वस्तातलं, थंड चालणारं आणि विपुल. फक्त काही उत्पादकांनी व्हीजीएच्या तोंडाशी हलके भाग वापरल्यामुळे मोठ्या रिझोल्यूशनला अक्षरं धूसर दिसतात.

आता जीफोर्स४ टीआय ४२००. २००२ चं, २५० मेगाहर्ट्झ, चार पाइपलाइन आणि प्रत्येकीत दोन टेक्स्चर, म्हणजे सेकंदाला २,००० दशलक्ष टेक्सेल. १९९९ ते २००३ च्या खेळांसाठी विंडोज ९८ वर याच्याइतकं निर्धोक कार्ड मला दुसरं दिसत नाही. टेबल फॉग (धुकं काढण्याची जुनी पद्धत) आणि ८-बिट पॅलेट टेक्स्चर (२५६ रंगांच्या यादीतून रंग घेणारी) या जुन्या दोन सोयी त्यात शाबूत आहेत. ‘फायनल फँटसी ७’ च्या पीसी आवृत्तीसारखे खेळ पॅलेट टेक्स्चरवर अवलंबून आहेत. ६४ एमबी आणि १२८ एमबी यांत १२८ आपसूक चांगलं समजू नका, त्याची मेमरी थोडी संथ आहे. ४२०० ऐवजी कोणी जीफोर्स४ एमएक्स पुढे केलं तर नको म्हणा. नाव एकच असलं तरी त्यात पिक्सेल शेडर नाहीत.

यापुढे दोन फाटे आहेत. जीफोर्स एफएक्स ५९०० मध्ये जुन्या दोन्ही सोयी टिकून आहेत आणि वेगही जास्त, पण डायरेक्टएक्स ९ मध्ये (डायरेक्टथ्रीडी याच संचाचा भाग) ते इतकं कच्चं आहे की ‘हाफ-लाइफ २’ त्याला आपणहून डायरेक्टएक्स ८ च्या वाटेने चालवतो. एटीआयचं रेडिऑन ९७०० प्रो आणि ९८०० प्रो अगदी उलट: डायरेक्टएक्स ९ मध्ये दमदार, पण पॅलेट टेक्स्चर नाहीत आणि जुन्या धुक्याच्या बाबतीत भरवसा कमी. यादी २००२ ते २००४ ची असेल तर रेडिऑन, १९९८ पासूनची असेल तर एफएक्स किंवा टीआय.

मॅट्रॉक्स जी४०० चा उल्लेख त्याच्या चित्रासाठी. व्हीजीएवर इतकी रेखीव अक्षरं क्वचित दिसतात. व्हूडू२ ला सोबती म्हणून ते शोभतं.

बोर्डाला चालेल का

हा भाग कंटाळा न करता वाचा, कारण इथली चूक बोर्ड जाळू शकते. सुरुवातीचं एजीपी ३.३ व्होल्टचं, नंतरचं १.५ व्होल्टचं. व्हूडू३ ला ३.३ च लागतात. इंटेल ८४५ आणि ८५० चिपसेटचे पेंटियम ४ बोर्ड फक्त १.५ देतात. कार्डाच्या पट्टीवरची खाच आणि स्लॉटमधला अडसर जुळला तरच कार्ड बसतं, पण काही कार्डांवर खाच चुकीच्या जागी कापलेली आढळते. म्हणून ३.३ आणि १.५ व्होल्टच्या दोन्ही खाचा दिसल्या तरी कार्डाची माहिती तपासूनच वीज द्या. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड १३३ मेगाहर्ट्झच्या बसवर चालवणार असाल तर त्याचं एजीपी ६६ ऐवजी ८९ वर पळतं, हे सगळ्याच कार्डांना मानवत नाही.

कार्ड हातात आल्यावर

आधी डोळ्यांनी. फुगलेले कपॅसिटर, मागच्या बाजूने उडालेले बारीक भाग, आणि व्हूडू२ वर चिपचे वाकून एकमेकांना टेकलेले पाय. हे पाय अगदी बारीक अंतराचे असल्यामुळे नुसत्या बोटाच्या दाबाने वाकतात. भिंग घेऊन सगळ्या बाजू पाहा. सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पंखा हाताने फिरवून बघा, अडत असेल तर आधी तो बदला. पहिली चाचणी नेहमी गेला तरी चालेल अशा बोर्डावर.

सुरू होताना पहिल्याच पडद्यावर अक्षरांची चुकीची चिन्हं किंवा ठराविक अंतराने रंगीत ठिपके दिसले तर बहुधा मेमरी चिप किंवा तिचं डाख. टूडी स्वच्छ आणि दहा मिनिटं खेळल्यावर त्रिकोण फाटू लागले तर उष्णता. अशा वेळी जुना थर्मल पेस्ट काढून नवा लावल्याने अनेकदा काम भागतं. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्ला मात्र मानू नका. डाख चार दिवस धरल्यासारखं वाटतं आणि आजूबाजूचे कपॅसिटर कायमचे मरतात. व्हूडू२ साठी थ्रीडीएफएक्सचं मोजो नावाचं छोटं साधन आहे. कार्डावरची दोन्ही टेक्स्चर युनिटं आणि पूर्ण मेमरी दिसते का, हे ते सांगतं. एक युनिट मेलेलं कार्ड साध्या खेळांत ठणठणीत भासू शकतं.

वेग मोजताना व्हीसिंक (चित्र मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद करा, नाहीतर तुम्ही मॉनिटरच मोजत बसाल. ‘क्वेक ३’ चा टाइमडेमो (खेळातलीच वेग मोजणारी चाचणी) आधी ६४० × ४८० वर आणि मग १०२४ × ७६८ वर चालवा. दोन्हीकडे आकडा सारखाच आला तर अडथळा प्रोसेसरचा आहे आणि त्या यंत्रात याहून तगडं कार्ड घालून काही हाती लागणार नाही. मोठ्या रिझोल्यूशनला आकडा कोसळला तर कार्डाची मर्यादा आली. एवढी एक चाचणी खरेदीचा निम्मा प्रश्न सोडवते. थ्रीडीमार्क २००१ या चाचणी प्रोग्रॅममधलं नेचर दृश्य चाललं तर शेडर आहेत याचीही खात्री होते. ड्रायव्हर नवे असले की चांगले, हा समज इथे सोडून द्या. पेंटियम २ वर टीएनटी२ ला शेवटचे ड्रायव्हर घातले तर ते मंदावतं, त्याच्या काळातले जुने डेटोनेटर (एनव्हिडियाचे ड्रायव्हर) बरे. टीआय आणि एफएक्ससाठी विंडोज ९८ वर मी ४५.२३ हेच ड्रायव्हर वापरतो.

एकच पीसी ठेवायचा आणि त्यात १९९७ ते २००२ सगळं खेळायचं असेल, तर एजीपीमध्ये टीआय ४२०० आणि पीसीआयमध्ये एक १२ एमबीचं व्हूडू२ लावा. ग्लाइडचे खेळ व्हूडू२ घेईल, उरलेले टीआय, आणि दोघं एकमेकांच्या कामात येत नाहीत. पासथ्रू केबलमुळे टूडी किंचित मऊ होतं आणि टीआयचा डीव्हीआय वापरता येत नाही. चांगली जाड, छोटी केबल घेतली तर मला ती तडजोड मान्य आहे. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झच्या आसपास ठेवा, फार वेगवान यंत्रावर व्हूडू२ चे मूळ ड्रायव्हर कधीकधी अडकतात. यादी १९९९ च्या पुढे जात नसेल तर या सगळ्या खटाटोपाची गरज नाही, एक व्हूडू३ ३००० आणि पेंटियम ३ पुरेसा आहे.