रॅफलची तयार तिकीटवही: हॉलमध्ये चोख, हॉलबाहेर नको

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांनी दिवाळीच्या कार्यक्रमात देणगीसाठी रॅफल, म्हणजे तिकिटांची बक्षीस-सोडत, ठेवली, की स्टेशनरीच्या दुकानातली १ ते १००० आकड्यांची तिकीटवही हमखास येते. पानावर पाच तिकिटं, प्रत्येक आकडा दोनदा. अर्धा भाग घेणाऱ्याला, अर्धा ड्रममध्ये. स्वस्त आहे आणि काम भागवते.

कागद मात्र पातळ. छिद्रांची रेघ कुठे कुठे नीट उमटलेली नसते. घाईत ओढलं की आकडाच फाटतो. पान रेघेवर आधी दुमडून मग फाडावं. ड्रममध्ये सपाट चिठ्ठ्या एकमेकींना चिकटतात, म्हणून प्रत्येकीला एक घडी. खरा घोळ होतो तो दोन विक्रेत्यांकडे एकाच रंगाच्या वह्या असल्या की: ४१७ दोघांकडे, बक्षिसाचं हॅम्पर (खाऊची टोपली) एकच! रंग वेगळे ठेवा, आकड्याबरोबर रंगही पुकारा आणि बक्षीस देताना तिकिटावरचा छापील कोडही जुळवा.

या वहीवर मंडळाचं नाव नाही, आणि तिची मर्यादा इथेच कळते. २००५ च्या जुगार कायद्यानुसार कार्यक्रमातच तिकिटं विकून केलेल्या सोडतीला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. विक्री फक्त त्याच जागी, कार्यक्रम चालू असताना. सोडत नंतर काढली तरी चालते. जमलेल्या पैशातून खर्चाला १०० पाउंड आणि बक्षिसांना ५०० पाउंड, यापेक्षा जास्त काढता येत नाही. वहीची किंमतही त्या शंभरातच धरायची. देणगीत मिळालेल्या बक्षिसांना मर्यादा नाही, त्यामुळे पैठणी कोणी दिली तर हिशेब सोपा.

आठवडाभर आधी ऑफिसात, मित्रांत तिकिटं खपवायची असतील तर ही वही घेऊच नका. त्यासाठी स्थानिक कौन्सिलकडे (नगरपालिकेकडे) नोंदणी लागते: पहिल्यांदा ४० पाउंड, मग दरवर्षी २०. तिकिटावर संस्थेचं नाव, किंमत, जबाबदार सभासदाचं नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख हवी, म्हणजे छापून घेणं आलंच. सगळ्या तिकिटांची किंमत एकच. ‘पाचावर एक फुकट’ ही आपली लाडकी युक्ती इथे बेकायदा. १६ वर्षांखालच्यांना विकायचं नाही, जमलेल्यातली किमान २० टक्के रक्कम संस्थेच्या कामाला गेली पाहिजे, आणि सोडतीनंतर तीन महिन्यांत हिशेब कौन्सिलला द्यायचा. हाच शेवटचा कागद मंडळं विसरतात.

हॉलपुरतं वापरायला या वहीला पाचपैकी चार गुण. उत्तर आयर्लंडचा कायदा निराळा आहे. तिथे वरचे आकडे लावू नका.