आयफोनचं व्हॉइस मेमोज : आईबाबांचा आवाज साठवायला एक नंबर

आयफोनमध्ये आधीपासूनच असलेलं व्हॉइस मेमोज हे ॲप बरेच जण उघडूनही बघत नाहीत. मी ते फक्त एका कामासाठी वापरते, घरातल्या माणसांचं बोलणं साठवून ठेवायला, आणि त्या कामाला ते इतकं चांगलं आहे की सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

माझ्याकडे आजीचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. ती हाक कशी मारायची ते मला आठवतं, पण माझ्या मुलीला ते ऐकवणार कसं? एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग लिहून काढले, त्यात घरच्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवणं हा एक होता. म्हणजे आवाज पकडणारं यंत्र आलं तेव्हाच हे सुचलेलं आणि आज ते यंत्र आपल्या खिशात आहे.

वापरायला काही शिकावं लागत नाही, लाल बटण दाबायचं आणि फोन टेबलावर ठेवून द्यायचा. आधी विचारून घ्या मात्र, चोरून रेकॉर्ड करू नका. सुरुवातीला बाबा एकदम भाषण दिल्यासारखे बोलतात, पण थोड्या वेळाने फोनचा विसर पडतो आणि मग खरे बाबा येतात. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची गोष्ट सांगत होते आणि आई आतल्या खोलीतून ओरडली, "पंच्याहत्तर नाही हो, शहात्तर!" मग दोघांचा वाद, मग बाबा घसा खाकरून "हां, तर काय सांगत होतो मी..." ते सगळं त्यात आलंय आणि मला मुलाखतीच्या गोष्टीपेक्षा तेच जास्त आवडतं. म्हणून म्हणते, प्रश्नांची यादी घेऊन बसू नका, रोजचं बोलणं चालू असतानाच रेकॉर्ड करा.

यात स्किप सायलेन्स म्हणून एक ऑप्शन आहे, बोलण्यातल्या शांत जागा गाळून ऐकवतो. लेक्चर ऐकायला ठीक असेल, इथे अजिबात लावू नका. बाबा एखादं नाव आठवायला थांबतात, ते थांबणंसुद्धा त्यांचंच आहे ना! एनहान्स रेकॉर्डिंगने मागचा आवाज कमी होतो, पंख्याची घरघर फार असेल तर कामाला येतं, पण मी बंदच ठेवते कारण मागे आईची ये-जा ऐकू येते ती मला हवीय.

आता त्रासाच्या गोष्टी. मध्येच कॉल घेतला की रेकॉर्डिंग थांबतं, म्हणून आधी एअरप्लेन मोड. फाइलला आपोआप ठिकाणाचं नाव पडतं आणि घरी केलेल्या सगळ्या फाइल्स सारख्याच दिसायला लागतात, तेव्हा लगेच नाव बदला, कोण बोलतंय आणि कशाबद्दल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आयक्लाउडवर आहे म्हणजे सेफ आहे असं धरून चालू नका, एका डिव्हाइसवर डिलीट केलं की सगळीकडून जातं, आणि रीसेंटली डिलीटेडमध्येही सेटिंग बदललं नसेल तर ३० दिवसच राहतं. कॉम्प्युटरवर एक कॉपी, बहिणीकडे किंवा भावाकडे एक कॉपी, एवढं कराच.

व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस नोट्स आहेत की, असं कोणी म्हणेल. असू द्या, त्याही एक्स्पोर्ट करून ठेवा, पण त्यात माणूस निरोप देत असतो. गप्पांमधलं हसणं, एकमेकांना तोडून बोलणं, ते त्यात सहसा येत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ऑडिओ क्वालिटीसाठी, ती मुळात कॉम्प्रेस्डवर (म्हणजे फाइल लहान करायला आवाजातले बारकावे गाळून) असते आणि ॲप उघडल्यावर कुठे सांगतही नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन आजच लॉसलेस (म्हणजे काही न गाळता) करून घ्या, जागा जास्त खाते पण कॉम्प्रेस्डमध्ये झालेलं रेकॉर्डिंग नंतर सुधारता येत नाही.