१२ व्होल्टचा अडॅप्टर घेताय? मीटरवर विसंबू नका

टायर बसलं आणि त्यात बॅटरीही उतरली, की डिकीतला हवेचा पंप असून नसल्यासारखा. आमच्या गाडीचं ऐन पावसाळ्यात हेच झालं. लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप घरच्या विजेवर चालवायचा तर मधे १२ व्होल्टचा अडॅप्टर हवा. पंपावर १० अँपिअर छापलेलं, म्हणून मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, १५ अँपिअर लिहिलेला अडॅप्टर ९०० रुपयांना आणला.

दुकानदाराने मल्टिमीटर लावून दाखवला. १२.१. "बघा साहेब, एकदम ओके!" मेख इथेच आहे. काहीही न जोडता मोजलं तर २ अँपिअरचा अडॅप्टरही १२ व्होल्टच दाखवतो. लोड आल्यावर तो टिकतो का, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. शिवाय मोटर सुरू होतानाच सगळ्यात जास्त करंट ओढते.

वॉचमनच्या केबिनमधून वायर घेऊन पंप लावला. घुर्र झालं आणि बंद. अडॅप्टरचा हिरवा दिवा उघडझाप करू लागला, प्लास्टिक तापल्याचा वास सुटला. लेबल नखाने खरवडलं तर खाली दुसरं लेबल: १२ व्होल्ट, २ अँपिअर. एलईडीच्या पट्ट्यांना लावतात तो! आत लोखंडाची पट्टी चिकटवलेली, निव्वळ वजन भरायला.

परत नेला तर म्हणे, "चेक करून दिलाय ना?" बिलावर नुसतं 'अडॅप्टर'. पैशांचं एक वेळ सोडा, पण विजेच्या वस्तूवर खोटा आकडा चिकटवणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे. ओल्या पार्किंगमध्ये, पेट्रोलच्या गाड्यांमध्ये तो पेटला असता तर?

त्याच रस्त्यावर प्रामाणिक माणसंही आहेत. दुसऱ्या दुकानात जाळीच्या पत्र्याचा, १५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा डबा, मिळाला. तिथल्या दुकानदाराने हेडलाइटचे ६० वॅटचे दोन बल्ब, म्हणजे १० अँपिअरचा लोड, लावून ठेवला आणि मग मीटर धरला. ११.९, जराही हलला नाही. असंच दाखवायला सांगा. या एसएमपीएसचे २३० व्होल्टचे स्क्रू मात्र उघडे असतात. झाकण बसवल्याशिवाय वापरू नका.

बिलावर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही लिहून घ्या. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. असा अडॅप्टर तुमच्याही गळ्यात मारला असेल तर रागाने फेकू नका, खालच्या लेबलसकट जपून ठेवा. पुरावा तोच आहे.