क्वांट फायनान्सचं मास्टर्स, नऊ महिन्यांनंतर: ६२ गुण मिळाले, ३८ कुठे गेले?

चवथीच्या आदल्या रात्री बाबा माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधत होते आणि मी आतल्या खोलीत क्वांट फायनान्सच्या, म्हणजे बाजारातल्या किमती आणि जोखीम गणिताने मोजायच्या कोर्सचा मॉन्टे कार्लोचा गृहपाठ पुरा करत होते. मॉन्टे कार्लो म्हणजे भाव पुढे कसा जाईल याच्या लाखो काल्पनिक वाटा (पाथ) संगणकावर काढायच्या आणि त्यांची सरासरी घ्यायची. कॉल ऑप्शनची, म्हणजे शेअर पुढे ठरलेल्या भावाला (स्ट्राइक) विकत घेण्याच्या हक्काची, किंमत काढायची होती. शेअर १००, स्ट्राइक १००, व्याजदर ५ टक्के, अस्थिरता (भाव वर्षात साधारण किती वरखाली होतो ते) २० टक्के, मुदत एक वर्ष. ऑप्शनच्या किमतीचं ब्लॅक-शोल्सचं तयार सूत्र आहे, त्याने उत्तर १०.४५ येतं. माझं ११.७७ च्या आसपास येत होतं. लाखाचे दहा लाख पाथ केले तरी आकडा जागचा हलेना. शेवटी बारा वाजायच्या आत तसाच अपलोड केला.

नऊ दिवसांनी निकाल आला. ६२. त्यापुढे एक अक्षर नाही.

बाबांनी ३४ वर्षं मराठी शाळेत वह्या तपासल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बासष्ट दिले ते ठीक, पण अडतीस कशाचे कापले?" मला सांगता येईना. मी हेल्पडेस्कला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की आपल्या शंकेचं निराकरण झालं आहे, आणि तिकीट बंद. मी पुन्हा उघडलं, त्यांनी पुन्हा बंद केलं. तिसऱ्यांदा सांगितलं की पुनर्मूल्यांकनासाठी १,५०० रुपये भरा. तेही भरले. उत्तर आलं ६२. गुण संगणकच देतो आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेत नसलं की कापतो, हे मला सोबतच्या एका मुलाकडून कळलं, संस्थेकडून नाही. साडेचार लाख फी घेणाऱ्या जागी हे चालतं याचा मला आजही संताप आहे.

संताप जास्त यासाठी की मी हा कोर्स निवडला तोच माणसासाठी. गोवा विद्यापीठातून गणितात एमएस्सी केल्यावर फोंड्यातल्या एका पतसंस्थेत लागले आणि तीन वर्षांनी पुढचं शिकायचं ठरवलं, तेव्हा समोर तीन वाटा होत्या. पहिली अमेरिकेची. तिथे एकाच विषयाला फायनान्शियल इंजिनियरिंग, कॉम्प्युटेशनल फायनान्स, मॅथेमॅटिकल फायनान्स अशी नावं आहेत. नावापेक्षा कोर्स कुणाच्या घरात राहतो ते बघा. न्यूयॉर्क विद्यापीठातला कूरांट इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे गणितवाल्यांकडे. बर्कलीचा हास बिझनेस स्कूलमध्ये, वर्षभराचा आणि धावपळीचा. कार्नेगी मेलनचा १९९४ पासूनचा, अनेक विभागांनी मिळून चालवलेला. बरूक कॉलेज सरकारी विद्यापीठातलं, त्यामुळे खासगी विद्यापीठांपेक्षा फी बरीच कमी. मला एका ठिकाणी प्रवेश मिळालाही होता. पण फी आणि न्यूयॉर्कचं राहणं धरून माझा हिशोब ८० लाखांच्या वर जात होता आणि तारण म्हणून बाबांचं घर. शिक्षणानंतर कामासाठी मिळतात ते १२ महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) अभ्यासक्रम असेल तर आणखी २४. त्यापुढे नोकरीच्या व्हिसाची सोडत. त्या सोडतीवर मी घर लावणार नव्हते. शिक्षणकर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते म्हणून कुणी भरीला घालत असेल तर एवढं ध्यानात ठेवा: ती जुन्या कररचनेतच आहे, तीही आठच वर्षं.

दुसरी वाट वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटीची. ऑनलाइन एमएस्सी, दोन वर्षं, शिकवणी फी शून्य. पैशाच्या दृष्टीने याला तोड नाही. तरी मी तिसरी वाट धरली: भारतातलाच कोर्स, रोजचे वर्ग ऑनलाइन आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार मुंबईत. शुक्रवारी संध्याकाळी करमळीला कोकणकन्या पकडायची, रविवारी रात्री परत निघायचं, सोमवारी काउंटरवर हजर. साडेचार लाख मी फळ्यासाठी मोजले, माझी वही कुणीतरी हातात घेईल म्हणून मोजले.

इथवरचं डिसेंबरात लिहून ठेवलं होतं आणि त्याखाली एक ओळ होती, "दुसरा हप्ता भरू नका." ती ओळ आज काढली.

जानेवारीत नवे सर आले. मुंबईतल्या पहिल्याच वर्गात म्हणाले, मागच्या सत्रातला जो गृहपाठ अजून सलतोय तो छापून द्या. मी अर्थातच तोच दिला. पुढच्या महिन्यात कागद परत मिळाले. तिसऱ्या पानावर, जिथे मी शेअरची शेवटची किंमत काढली होती, तिथे घातांकाभोवती लाल गोल आणि समासात तीन आकडे: १००, १२०, ९६. खाली दोन प्रश्न. "सरासरी किती? हातात किती?"

मी ते करमळीला उतरेपर्यंत बघत होते. शंभर रुपये एका वर्षी २० टक्के चढले, १२० झाले. पुढच्या वर्षी २० टक्के उतरले, ९६ झाले. सरासरी परतावा शून्य, हातातून गेले चार. वर्षाला साधारण दोन. आता ०.२० चा वर्ग ०.०४, त्याचा अर्धा ०.०२. हेच ते दोन टक्के! घातांकात व्याजदरातून अस्थिरतेच्या वर्गाचा अर्धा वजा करायचा असतो, आणि मी नुसता व्याजदर ठेवला होता. माझा शेअर दर वर्षी दोन टक्के फुकटचा चढत होता, म्हणून ऑप्शन महाग. दहा लाख काय, दहा कोटी पाथ चालवले असते तरी ते ११.७७ च राहिलं असतं. घरी येऊन एक ओळ बदलली. उत्तर १०.४५ वर आलं.

कियोशी इटो यांनी १९४४ साली मांडलेल्या गणिताचा गाभा हाच. नेहमीच्या कलनात बारीकशा बदलाचा वर्ग आपण सोडून देतो. ब्राउनियन हालचाल, म्हणजे शेअरच्या भावासाठी गणितात धरतात ती अनियमित हालचाल, इतकी खडबडीत असते की तो वर्ग सोडता येत नाही, तो वेळेच्या प्रमाणात साचत जातो. मला इटोंचा लेमा, म्हणजे त्या गणिताचं मुख्य सूत्र, पाठ होता, परीक्षेत लिहिलाही असता. कळला तो समासातल्या तीन आकड्यांनी. बाबांनी ते पान चष्मा लावून वाचलं, ९६ पर्यंतचा हिशोब स्वतः कागदावर केला आणि पान फाइलीत लावून ठेवलं.

म्हणून माझं मत बदललं आहे, पण अर्धंच. कोर्स चांगला आहे असं मी म्हणत नाही, ते सर चांगले आहेत. बाकी गोष्टी बऱ्या आहेत. पायथॉन नीट शिकवतात, सी++ उरकतात, रेकॉर्डिंगचा आवाज स्वच्छ आहे, पावसात वीज गेली तर वर्ग नंतर बघता येतो. नोकऱ्यांचं पत्रक देतात त्यात सरासरी पगार मोठ्या अक्षरात आहे, मधला पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त, निम्म्यांना कमी) नाही आणि किती जणांनी आकडे कळवले तेही नाही. २० टक्के वर, २० टक्के खाली समजल्यापासून मी एकट्या सरासरीवर विश्वास ठेवत नाही.

तुम्ही अमेरिकेतला घ्या, फुकटातला घ्या नाहीतर माझ्यासारखा मधला, प्रवेश घेण्याआधी चालू विद्यार्थ्याकडे एकच गोष्ट मागा: तपासून परत आलेला एक गृहपाठ. माहितीपत्रक नको, पहिल्या तासाचा व्हिडिओ नको. त्या कागदावर नुसता आकडा असेल तर फी कितीही कमी असो, ती महाग आहे. फुकटच्या ठिकाणीही तुमचे संध्याकाळचे तास जातातच. मी हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पहिले सहा महिने आणि १,५०० रुपये वाचले असते.

तिसरा हप्ता जूनमध्ये आहे, दीड लाखाचा. पुढच्या सत्रात गृहपाठ कोण तपासणार, हे मी मेलवर विचारलं आहे आणि उत्तर लेखी मागितलं आहे. दोनदा तिकीट बंद झालं, काल तिसऱ्यांदा उघडलं.